गोळ्यासमोरचा माणूस

आगबोट रत्नागिरीच्या धक्क्याला लागत नसे. ती बाहेर समुद्रात उभी राही आणि माझे वडील पडावातून उतारू घेऊन तिच्यापाशी जात. पडाव लाटांवर हिंदकळत असताना वरच्या खलाशाकडे दोर फेकण्याचं काम माझं. "दोराकडं बघू नको. घेनाऱ्याच्या हाताकडं बघ," एवढंच वडिलांनी शिकवलं होतं.

पुढे कॉलेजात गेलो. आमच्या घरातून मी पहिलाच. तिथे खेळांच्या मास्तरांनी माझे खांदे बघून मला गोळाफेकीत घातलं. ते म्हणत, "आधी डोळे मीट. गोळा कुठे पडतोय ते मनात बघ. मग फेक." मी डोळे मिटले की तिथे हात पुढे करून एक माणूस उभा दिसे. दोर फेकायची सवयच तशी होती. सोळा पौंडांचं लोखंड, आणि तो ते झेलायला उभा! माझा हात मानेपाशीच आखडे. हे कुणाला सांगावं ते कळेना.

एकदा गोळा निसटला आणि अंतर मोजायला उभ्या असलेल्या सोबत्याच्या पावलापासून वीतभरावर रुतला. "काय रे, वर पाठवतोस की काय मला?" तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून वर्गात, जेवताना, कुठेही तो माणूस दिसू लागला. आता त्याला चेहराही होता. वडिलांचा.

सामने महिन्यावर आले होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो आणि मांडवीच्या किनाऱ्यावर वाळूत होडीच्या नांगराचा धोंडा घेऊन उभा राहिलो, तर हात उचलेचना. वडील मागून आले. "कालेजात धोंडं उचलाय शिकवतात व्हय? ते आमी घरीच शिकवलं असतं."

मी सगळं सांगितलं. चेहऱ्याचंसुद्धा. ते चेष्टा करतील असं वाटलं होतं. पण त्यांनी आधी समोरची वाळू नीट न्याहाळली. बहुधा तेही घाबरले असावेत. मग माझ्या पाठीवर तळवा टेकून म्हणाले, "मी हितं हाय. पुढं कोन दिसल तो मी नव्हं. टाक."

डोळे मिटले. माणूस होताच, पण चेहरा दिसेना. डोळे न उघडताच मी धोंडा फेकला. वाळूत धप्पकन आवाज झाला, तरी बघायचा धीर होईना.

"बाबा, कोणाला लागलं का?"

"कोनाला नाय. जा, घेऊन ये. परत टाक."