यात काय काय आहे?

बाई कुठलाही घास आधी तोंडात घालत नसत. चिमूटभर घेऊन अंगठ्यानं बोटावर चुरायच्या, नाकाशी न्यायच्या आणि माझ्याकडे न बघता विचारायच्या, "यात काय काय आहे? सगळं सांग."

मग मी पाढे म्हणायला उभं केल्यासारखी सांगायची. तांदूळ, उडीद, मेथी, मीठ. माझी शाळा चौथीत सुटली. पाढे केव्हाच विसरले, ही यादी मात्र अजून तोंडपाठ आहे.

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दूधवाल्यासमोर नखावर थेंब घेऊन बघणारी, कुलूप लावून परत ओढून बघणारी. बाईंचा संशय मात्र सगळा एकाच धान्यावर होता, गव्हावर.

त्यांची धाकटी बेबी चार वर्षांची. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं. विलायतेत शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी निदान केलं, हिला गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, बिस्कीट, कणभरसुद्धा पोटात जाता कामा नये. ही गोष्ट साठ सालाच्या आसपासची. तेव्हा असलं पथ्य कुणी ऐकलं नव्हतं. लोकांना वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय.

साहेब सरकारी कारखान्यात इंजिनियर. त्यांची बस सातला. बाई एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात. थोरला मुलगा शाळेत. सकाळी दोन तऱ्हेचा स्वयंपाक जमणं शक्य नव्हतं, म्हणून बाईंनी जयनगरच्या त्या घरातून गहूच हद्दपार केला. साहेब कुरकुरले, पोळीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही म्हणाले. शेजारच्या कन्नड अक्का हसल्या. "गहू नाही म्हणून एवढं रडता? आमच्यात गहू खातंय कोण?" त्यांनीच मला अक्की रोट्टी शिकवली. तांदळाच्या पिठात कांदा, मिरची, जिरं घालून तव्यावरच थापायची. डब्यात देता येते आणि गार झाली तरी चालते.

मी निपाणीची. नवरा गेल्यावर ओळखीतून या घरी स्वयंपाकाला आले. बाईंनी मागची खोली दिली, त्यांच्या पंगतीला बसवलं. ते उपकार मी विसरले नाही. पण उपकाराखाली राहणाऱ्या माणसाला झोप कमी. ही जागा गेली तर निपाणीला कुणाच्या दारात उभी राहणार, हे रोज मनात यायचं.

दळण आणायला बाई स्वतः यायच्या. "आधी कुणाचं दळलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. गव्हाचं असलं तर जात्यातून आमचेच चार मुठी तांदूळ आधी काढायला लावायच्या आणि ते पीठ गाईला. गिरणीवाला लांबूनच ओरडायचा, "पोलीस अम्मा बंद्रु." पोलीस अम्मा आल्या. बाई हसायच्या नाहीत.

देवळात शिऱ्याचा प्रसाद बेबीच्या हातावर पडला की बाई तो उचलून तिच्या कपाळाला लावायच्या आणि स्वतः खायच्या. मग तिचा तळवा पदरानं तीनदा पुसायच्या. देवावरसुद्धा त्यांचा पुरता भरवसा नव्हता.

एवढं करून बेबी सुधारली. गालावर थोडं मांसही आलं. आणि पावसाळ्यात पुन्हा तिचं पोट फुगायला लागलं. रात्री कळवळायची. वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू जातोय.

घरात गहू नव्हता. मग आणणार कोण? रविवारी चिकपेटात माझ्या गावच्या माणसांकडे जाणारी मी एकटी.

त्या रविवारी मी परत आले तर बाई दारात. माझे तळवे हुंगले. मग माझा पदर धरून झटकला. पदरातून काही पडलं नाही. त्या आत निघून गेल्या. आणि खरं सांगते, मला माझाच संशय यायला लागला होता.

पावसाळ्याच्या तोंडाला बेबीचं पोट जरासं बिघडलं, तेव्हापासून बाई स्वतः तिला औषध करायच्या. ताकात हिंग. कळ वाढली की हिंग वाढायचा. डबी रिकामी झाली तेव्हा मला चिकपेटला धाडलं. दुकानदारानं पिवळी पूड पुढ्यात ठेवली आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अण्णा, यात काय काय आहे?"

तो म्हणाला, "नुसता हिंग कोण खाईल अक्का, जीभ भाजेल. डिंक आहे, गव्हाचं पीठ आहे. त्याशिवाय बांधला कसा जाणार?"

परत येताना वाटेत मी दोनदा थांबले. बाईंना सांगायचं म्हणजे, तुमच्याच हातानं गेलं असं सांगायचं. मी आपलं पाप दुसरीकडे ढकलतेय असं वाटलं तर? पण बेबीचा तो कळवळणारा आवाज कानातून जाईना. सांगितलं.

बाईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दांडी मारून स्वतः त्या दुकानात गेल्या. आल्यावर हिंगाची डबी मोरीत उपडी केली, वास जाईपर्यंत पाणी ओतत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझा पदर झटकला मी."

मी म्हटलं, "झटकलात ते बरं झालं. नाहीतर मलाही खात्री नव्हती."

महिन्याभरात बेबी अंगणात पळायला लागली. आणि बाईंनी विचारणं सोडलं. ताटली पुढ्यात आली की सरळ खायच्या, बेबीला भरवायच्या. तुम्हाला वाटेल, मी सुखी झाले. उलट माझाच जीव टांगणीला लागला. आता चुकलं तर अडवणारं कुणी नाही. मीच चिमूट चुरून हुंगायला लागले.

दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. मला बाईंनी शेजारच्या अक्कांकडे कामाला लावून दिलं. स्टेशनवर मी प्रवासाचा डबा दिला. रोट्ट्या, भडंग, राजगिऱ्याचे लाडू. बाईंनी डबा न उघडताच मांडीवर ठेवला. खिडकीशी बेबी गाल फुगवून बसलेली.

मला राहवेना. म्हटलं, "बाई, विचारा की."

त्यांनी झाकण काढलं. रोट्टीचा कोपरा तोडला, अंगठ्यानं चुरला, नाकाशी नेला. या वेळी मात्र सरळ माझ्याकडे बघितलं.

"यात काय काय आहे? सगळं सांग."

मी सांगायला लागले. तांदूळ, कांदा, मिरची, जिरं. गाडी हलली. मी बरोबर चालत राहिले. कोथिंबीर, ओलं खोबरं. बाई प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या. मग फलाट संपला.

त्यानंतर आमची भेट नाही. मीठ सांगायचं तेवढं राहिलं.