दोन बोटांतली तार

कोल्हापूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चटणीचा डबा माझ्या हातात दिला आणि कानाशी येऊन सांगितलं, "तिथल्या लोकास्नी सगळं शिकवून बसू नको. शिकले की तुला परत धाडतील." मी युगांडातल्या एका साखर कारखान्यात पॅनमन म्हणून निघालो होतो. हातातलं कसब सोडलं तर माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

गावात राहिलेल्यांना पॅनमन काय ते सांगायला नको. शहरात गेलेल्यांसाठी सांगतो. पॅन म्हणजे मोठं बंद भांडं, त्यात उसाचा पाक आटतो. तो बेताचा घट्ट झाला की साखरेची बारीक पूड सोडायची, मग दाणा धरतो. घाई केली तर पूड विरघळते, उशीर केला तर भुकटी होते आणि सगळा पाक पुन्हा पातळ करावा लागतो. मीटर असतो, पण नुसत्या मीटरवर भागत नाही.

मला हे कुठल्या कोर्सात शिकवलं नाही. बिद्रीच्या वाटेवरच्या आमच्या गावातले बाबालालचाचा कारखान्यात जुने पॅनमन. ते माझ्या अंगठ्यावर पाकाचा थेंब टाकायचे. त्यावर दुसरं बोट टेकवून उचलायचं आणि तार किती लांबते ते बघायचं. "झालं का चाचा?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला काय इचारतोस? बोट तुझं हाय की." त्यांच्या हाताखाली दोन सीझन बोटं भाजून घेतली. सरळ सांगायला या माणसाचं काय जातंय, असा राग यायचा.

युगांडात मी आबांचं ऐकलं. लॅबमधली नकाटो नमुने न्यायला यायची आणि वही उघडून विचारायची, "सेबो, तुम्हाला कसं कळतं?" सेबो म्हणजे साहेब. मी मीटरचे आकडे सांगायचो, वर 'एक्सपिरिअन्स' म्हणायचो आणि तार बघताना तिच्याकडं पाठ करायचो. दुपारी कँटीनमध्ये तीच मला पोशो, म्हणजे मक्याची घट्ट उकड, खायला शिकवायची. गोळा करायचा, अंगठ्यानं खड्डा पाडायचा, त्यात कालवण घ्यायचं. ती काही राखून ठेवत नव्हती.

एकदा मी तापानं क्वार्टरवर पडलो. माझ्या जागी नकाटोनं वहीतल्या आकड्यांवर पॅन चालवला आणि भुकटी झाली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिला सगळ्यांसमोर झापलं, कामावरनं काढतो म्हणाला. मी शेजारी उभा होतो. नुसत्या त्या आकड्यांवर मी स्वतः कधी पॅन चालवला नव्हता. लाज वाटली. मी म्हणालो, "तिची चूक नाही, मी शिकवलंच नव्हतं." त्याच पाळीत तिच्या अंगठ्यावर थेंब टाकला.

शिकवताना चाचांचं वाक्य तोंडात तसंच मराठीत यायचं. अर्थ सांगितल्यावर ती हसली होती. 'झालं' आणि 'न्हाय' हे शब्दही तिनं माझ्याकडनंच उचलले. वर्षभरात ती तयार झाली. माझा करार संपला, तेव्हा मॅनेजर गोड बोलला, पण नवा करार दिला नाही.

स्टँडवर न्यायला आलेल्या आबांनी एवढंच विचारलं, "शिकवलंस न्हवं?" मी "व्हय" म्हणालो. ते पिशवी उचलून पुढं चालायला लागले.

आता मी गावच्या कारखान्यात आहे. पाक किती आटला ते स्क्रीनवर दिसतं आणि पूड कॉम्प्युटर सोडतो. मी खुर्चीत बसून बघतो. गाव तेच, भाकरी तीच, पण माझ्या हाताला इथं काम नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

परवा नकाटोचा व्हिडिओ कॉल आला. तिकडचा मीटर बंद पडला होता. तिनं दोन बोटं कॅमेऱ्यासमोर धरली, मध्ये पाकाची तार. "सेबो, झालं?"

फोनमधनं मला काय कळणार? मी म्हणालो, "मला काय इचारतीस? बोट तुझं हाय की."

तिनं पुन्हा बोटं जुळवली, सोडवली. "न्हाय," ती म्हणाली, "अजून न्हाय." फोन तसाच बाजूला ठेवून ती कामाला लागली.

मी कॉल कापला नाही. पॅनचा आवाज ऐकत बसलो. परत आल्यापासनं पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं.