लांबीखालचा हिरवा रंग

एका टेम्पोचालकाचे जुने प्रकरण अजून माझ्या मनातून हललेले नाही. मागच्या वर्षी माझी पत्नी सकाळी फिरायला गेली असताना रस्त्यात कोसळली. एका रिक्षावाल्याने तिला उचलून दवाखान्यात नेले. ती वाचली नाही. मी पोहोचलो तोवर तो निघून गेला होता, नाव-नंबर काही न देता. नर्स म्हणाली, "थांबा म्हटलं मी. म्हणाले, नको बाई, पोलिसांचं लफडं नको." माझी सारी नोकरी पोलीस खात्यात गेली. तो का थांबला नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणून हे लिहायला घेतले आहे. दिवसाला चार ओळी होतात. कधी त्याही खोडतो.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्यात तपास अधिकारी होतो आणि मे महिना संपत आला होता. गंगापूर रोडवर पहाटे सायकलवरून जाणाऱ्या एका दूधवाल्याला कुठल्यातरी वाहनाने उडवले. उपचारापूर्वीच तो मरण पावला. त्याला दवाखान्यात आणले होते येवल्याकडच्या एका टेम्पोचालकाने. भाजी उतरवायला तो शहरात आला होता. त्याचा सदरा रक्ताने भरलेला, टेम्पो पांढरा आणि टेम्पोचा पुढचा डावा कोपरा चेपलेला. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात टेम्पो थांबताना आणि हा खाली उतरताना दिसत होता. त्याआधीचे दृश्य उभ्या बसच्या आड गेले होते.

मी त्याला समोर बसवले.

"मी आलो तवा तो पडेल व्हता साहेब. लोकं गाड्या वळवून वळवून जात व्हते."

"मग तूच का थांबलास?"

"पाय हालत व्हता त्याचा."

हे उत्तर मी जबाबात घेतले नाही. तपासाला उपयोगाचे वाटले नाही. कोपरा जुनाच चेपलेला आहे, असे तो म्हणत होता. ते प्रत्येक जण म्हणतो. दूधवाल्याची सायकल हिरवी होती आणि टेम्पोवर हिरव्या रंगाचा ठिपकाही नव्हता. दर वेळी रंग लागतोच असे नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, जामीनही झाला. कागद सगळे जागच्या जागी होते. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना तो वळून म्हणाला, "साहेब, आता कोणी मरत आसलं तरी मी नाय थांबणार." मी हातानेच त्याला जायला सांगितले.

दहा-बारा दिवसांनी टपालात एक चिठ्ठी आली. वापरून झिजलेल्या पॉलिश पेपरच्या पाठीवर लिहिलेली. एका पांढऱ्या मोटारीचा नंबर आणि खाली दोन ओळी: 'पुढचं डावं मडगार्ड बघा. आत्ता नाही, पावसाळा संपल्यावर.'

हवालदारांनी चिठ्ठी उलटसुलट केली. "कोणीतरी सुतार दिसतोय साहेब. रिकामा बसला असेल."

नंबरवरून मालक सापडला. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला बंगला, शहरात मान. मी त्याच दिवशी गेलो. मडगार्डवर तोंड दिसेल इतकी गाडी चकचकीत. मी त्यावरून हात फिरवला. कुठे उंचवटा नाही, खळगा नाही.

"नवी वाटते ना?" मालक हसून म्हणाले. "आम्ही ठेवतोच तशी. चहा घेणार ना?"

मी चहा घेतला. रीतसर तपासणी केली नाही, गाडी कुठे दुरुस्तीला गेली होती का हेही विचारले नाही. परतताना जीपमध्ये हवालदार हळूच म्हणाले, "चिठ्ठीत 'आत्ता नाही' लिहिलं होतं साहेब. आपण आजच आलो." मी त्यांना गप्प केले. चिठ्ठी मात्र फाईलला लावली.

पावसाळा लागला आणि माझे मन थाऱ्यावर राहिना. रात्रपाळीच्या नोंदी तपासताना, न्यायालयात ताटकळताना ते दोन शब्द मध्येच आठवायचे. आत्ता नाही. आत्ता का नाही? चोर पळून जाईल म्हणून लोक घाई करायला सांगतात. हा वाट पाहायला सांगत होता. टेम्पोचालकाने तारखेला येणे चुकवले नाही. दर वेळी तो भिंतीला टेकून उभा असे आणि माझ्याकडे बघत नसे. गाडी चालवणे त्याने सोडले होते. गावात त्याला 'उडवणारा' म्हणू लागले होते, हे हवालदारांकडून कळले.

दसरा झाल्यावर ती गाडी मला एका मंगल कार्यालयाबाहेर उभी दिसली. मालकांचे इगतपुरीला शेतघर आहे. पावसाळाभर तिथल्या धो धो पावसात ती उघड्यावर उभी राहत होती. डावे मडगार्ड पुरीसारखे ठिकठिकाणी फुगले होते. मी अंगठ्याने एक फोड दाबला. रंग फुटला आणि तांबडे पाणी मनगटापर्यंत ओघळले.

या वेळी सगळे रीतसर केले. नोटीस दिली, दोन पंच घेतले, गाडी ताब्यात घेतली. मालक म्हणाले, फाटकाला घासली होती, आमच्याच जागेतल्या शेडमध्ये दुरुस्त केली. शेड चालवणारा पेंटर पन्नाशीचा, सडपातळ, बोलताना सतत नखांतला रंग काढणारा. त्याला ठाण्यात बोलावले. तासभर तो एकच वाक्य बोलत होता. "गाडी आली, काम केलं, गाडी गेली."

मी धमकावले नाही. कंटाळून, अगदी सहज म्हणालो, "काम मात्र भिकार केलंस. एक पावसाळा टिकलं नाही."

त्याचे नख थांबले. मान वर आली.

"भिकार? साहेब, माझं काम दहा-दहा वर्षं हलत नाही. विचारा शहरात कुणालाही."

"मग हे काय?"

"हे जाणून केलंय."

मग तो बोलत राहिला, मला विचारावेही लागले नाही. "आधी पत्र्यापर्यंत खरवडायचं. मग प्रायमर, तो पुरता वाळू द्यायचा. मग खळग्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासून सपाट करायची आणि वरून परत प्रायमर. त्याशिवाय रंग नाही. कारण लांबी पाणी पिते साहेब. प्रायमर नसला तर रंगाखाली पाणी पीत बसते आणि एक दिवस फुगते. मी प्रायमर मारलाच नाही. खालीही नाही, वरही नाही."

"का?"

"मालकांनी सकाळीच गाडी आणली, म्हणाले आजच्या आज पाहिजे. चेपलेल्या जागी हिरवा रंग लागला होता. दुपारी चहाच्या टपरीवर ऐकलं, हिरव्या सायकलवरच्या दूधवाल्याला पहाटे कुणी उडवलं. खरवडायला पत्री घेतली होती हातात, साहेब. खाली ठेवली. हिरवा रंग तसाच आत ठेवून वर लांबी भरली."

"सरळ येऊन सांगता येत नव्हतं?"

"शेड त्यांच्या जागेत आहे. तीन माणसं आहेत माझ्याकडे कामाला."

"इकडे एक निरपराध माणूस चार महिने आरोपी म्हणून फिरला."

"माहितीये. म्हणूनच चिठ्ठी टाकली," तो म्हणाला. "रोज पाऊस लागला की वाटायचं, आज फुगेल."

पंचांसमोर लांबी फोडली. खपलीसारखी ती अलगद निघाली आणि खाली बोटभर हिरवी रेघ होती. प्रयोगशाळेने ती त्या सायकलचीच असल्याचे कळवले. त्या पहाटे गाडी मालक स्वतः चालवत होते. टेम्पोचालकाचे नाव वगळण्याचा अहवाल मी न्यायालयाला दिला आणि तो मान्य झाला. पेंटरने साक्ष दिली. त्याची शेड गेली.

लोक बोलत नाहीत तेव्हा ते लपवतात, असे आम्हाला शिकवले जाते. काही माणसे तोंडाने बोलू शकत नाहीत आणि हातातल्या कामात सांगून ठेवतात, हे मला या पेंटरने शिकवले. पण त्याला मी पुरता चांगलाही म्हणू शकत नाही. त्याने गंजावर भरवसा ठेवला आणि गंजाला लागलेला वेळ दुसऱ्याच्या अंगावरून गेला. आणि मी? चिठ्ठी हातात असून चहा पिऊन आलो.

न्यायालयाचा कागद घेऊन मी स्वतः येवल्याजवळ टेम्पोचालकाच्या घरी गेलो. तो मेहुण्याच्या पैठणीच्या मागाशेजारी बसून रेशमाच्या कांड्या भरत होता. कागद त्याने दोनदा वाचला, घडी घातली.

"चूक माझी होती," मी म्हणालो. हे वाक्य मी गणवेशात पहिल्यांदाच उच्चारत होतो.

त्याने कागद खिशात ठेवला. मग म्हणाला, "एक सांगा साहेब. उद्या परत कोणी आसं पडेल दिसलं, तर थांबू का नको?"

"थांबायचं," मी म्हणालो.

"तुम्ही म्हणता म्हणून?"

दारात उभी असलेली त्याची बायको पुढे आली आणि त्याच्यावरच खेकसली, "त्यांना काय इचारता? थांबल्याबिगर राहवणारे का तुम्हाला?"

तो पहिल्यांदा हसला. मी टोपी काढून हातात घेतली आणि तिने पुढे केलेले पाणी उभ्यानेच प्यालो.