कयाकच्या बरगड्या

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही नऊ जण लाकडी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, बांधत होतो. म्हणजे दोघे बांधत होते, सहा जण सल्ले देत होते आणि मी भुसा झाडत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्या गटात कसंबसं टिकायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. विश्रांतवाडीत रस्त्याकडेला माझी आई बांबूच्या टोपल्या आणि सुपं करते, हे म्हणूनच मी तिथे कुणालाही सांगितलं नव्हतं.

कयाकच्या आतल्या बरगड्या म्हणजे सागाच्या पातळ पट्ट्या. त्या वाफेवर मऊ करून साच्यावर वाकवायच्या. त्यासाठी प्रेशर कुकरला लांब पाइप जोडला होता. इथवर सगळं उत्तम. पण आमचा गटप्रमुख पाइपातली गरम पट्टी बाहेर काढायचा आणि आधी तिच्याबरोबर फोटो काढून घ्यायचा.

"थांब, थांब, अँगल किती ठरला होता?" एखादा सल्लागार विचारायचा.

मग कुणीतरी लॅपटॉप उघडायचं. तोवर पट्टी गार. वाकवली की कट्. अशा अकरा मोडल्या.

"लाकूडच थर्ड क्लास आहे," गटप्रमुख म्हणायचा. ते त्यानेच निवडून आणलं होतं.

मला मनात हसू यायचं. आमच्या घरी टोपलीचा काठ वाकवताना कुणी बोलत नाही. बांबूची चिरलेली पट्टी, म्हणजे कामटी, आचेवरून उतरली, की मी पाणी मागितलं तरी आई मान वर करत नसे. दोन श्वासांपुरती कामटी ऐकते, मग हट्टाला पेटते. एवढी साधी गोष्ट इंजिनिअर होऊ घातलेल्या आठ डोक्यांत शिरत नव्हती.

बाराव्या पट्टीला मला राहवलं नाही. "आधी साचा, क्लॅम्प सगळं तयार ठेवू या का? आणि मग... कुणी बोलायचं नाही."

"मॅडम, हे वर्कशॉप आहे, विपश्यना केंद्र नाही," गटप्रमुख म्हणाला. सगळे हसले.

मी हातमोजे घातले, पट्टी काढली आणि एका दमात साच्यावर बसवली. मोडली नाही. पुढच्या चारही मोडल्या नाहीत.

"अगं, हे कुठे शिकलीस?" गटप्रमुखाने विचारलं.

"यूट्यूबवर," मी म्हणाले.

त्याला ते लगेच पटलं. त्याची स्वतःची सगळी विद्या तिथलीच.

कयाक पूर्ण झाल्यावर कॉलेजात प्रदर्शन ठरलं आणि त्याचा मेसेज कॉलेजनेच पालकांना पाठवला. नाहीतर मी आईला बोलावलं असतं का, मला सांगता येत नाही. ती आली आणि थेट कयाकपाशी गेली. आत हात घालून एकेका बरगडीवरून तिने अंगठा फिरवला.

"ह्या कुनी वाकवल्या?"

"तुमच्या मुलीने, काकू! यूट्यूबवर बघून," गटप्रमुख म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त 'नाही, आईकडून शिकले' एवढं म्हणायला हवं होतं. ज्यांना मी इतके दिवस मूर्ख समजत होते, ते निदान न येणाऱ्या गोष्टीचा आव आणत होते. मी मात्र येणारी गोष्ट कुणाकडून आली, तेच लपवत खाली बघत उभी राहिले.

"चांगला मास्तर हाय तुजा," आई म्हणाली. कामट्यांनी चिरलेला तो अंगठा तिने पदराखाली घेतला आणि कुणाशी ओळख करून न घेता बाहेर पडली.