बॅटरी काढलेल्या गाडीचा डिपर

या सदरातले अनुभव मी गेली चार-पाच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चुका काढायलाच वाचते. कुणी ‘अमावास्येच्या रात्री चांदण्यात ती बाई दिसली’ असं लिहिलं की खाली पहिली कॉमेंट माझी असते. त्यामुळे आज मी लिहायला बसले आहे म्हटल्यावर तुम्ही वचपा काढणार, हे मला माहीत आहे. काढा. भोकं शोधा. सापडलं तर मला कळवा, मी मनापासून आभार मानीन.

मी सौदीत, बुरैदाला एका सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्ताचा नमुना नाही तर रिपोर्ट नाही, असा आमचा धंदा. माहेर-सासर दोन्ही दापोली तालुक्यातलं. नमाज पढते, रोजे ठेवते, पण सासूबाईंच्या गोष्टींतले जिन, लागलेल्या नजरा, दंडावरचे ताईत... यातलं काही मला कधी पटलं नाही. सासूबाई म्हणतात, ‘शिकून हिचं डोकं दगडाचं झालंय.’ असेल बापडं.

माझा नवरा इम्तियाज रास अल खैरच्या प्लांटवर इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. म्हणजे तो तिकडे, मी आणि आमची आठ वर्षांची मुलगी झोया इकडे बुरैदाला. तो दर वीकेंडला येतो. आमच्यात एक न बोलता ठरलेली वाटणी आहे — एरवी झोया माझी, सुट्टीत झोया बाबाची. सुट्टीत तिचं खाणं, पिणं, कुठे गेली, काय केलं, सगळं तो बघतो आणि मी जरा पाय पसरते. ही वाटणी लक्षात ठेवा.

त्याच्या प्लांटवरचा एक गोरा साहेब देश सोडून चालला होता. त्याच्याकडून इम्तियाजने जुनं मोटरहोम घेतलं — आत बिछाने, छोटी शेगडी, सगळं असलेली मोठी गाडी. मी म्हटलं, आता विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. पण एवढं धूड गावातल्या गल्लीत शिरत नाही, म्हणून आमची जुनी छोटी कार लोखंडी दांड्याने मागे जोडून ओढत न्यायची असं ठरलं. मोटरहोम उभं करायचं आणि कारने हिंडायचं. त्यात झोयाचा हट्ट, दोन्ही सायकली हव्यात. तिची गुलाबी आणि अब्बाची मोठी.

आता ज्यांनी हा उद्योग केला नसेल त्यांना सांगते, मागे कार जोडलेली असली की सायकली ठेवायच्या कुठे हा एक संसारातला प्रश्नच होऊन बसतो. मोटरहोमच्या पाठीला स्टँड होता, त्यावर टांगल्या. पहिल्याच यू-टर्नला सायकलचं हँडल कारच्या बॉनेटला घासलं आणि हा लांब ओरखडा. मग कारच्या टपावर, तर झोयाची सायकल तिथल्या पट्ट्यात बसेना. आत घेतल्या तर बाथरूमला जायची वाट बंद. शेवटी इम्तियाजने स्टँड फूटभर वर चढवला, हँडलं वाकडी करून बांधली आणि सायकली उंच टांगल्या. ओरखडे थांबले. पण मोटरहोमची मागची काच सायकलींनी पूर्ण झाकली गेली. मागचं दिसायला उरला फक्त खालचा कॅमेरा, आणि त्याच्याही अर्ध्या चित्रात झोयाच्या सायकलचं चाक. समोरच्या छोट्या स्क्रीनवर चाकाच्या तारांमधून कारचं बॉनेट आणि दोन हेडलाईट दिसायचे. कारची काच नाही. ती चाकाच्या मागे आणि वर उन्हाची तिरीप, नुसतं पांढरं.

ईदच्या सुट्टीत आम्ही तबूकला निघालो. पहिला मुक्काम हाईलला. तिथे सकाळी कार सुरूच होईना. ओढताना स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली आत फिरवून ठेवावी लागते, त्यात बॅटरी उतरली होती. इम्तियाजने केबल लावून ती चार्ज केली आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून बॅटरीचा टर्मिनलच काढून ठेवला. पाना घेऊन काढला, त्यावर पिवळं फडकं गुंडाळलं. मी शेजारी चहाचा कप घेऊन उभी होते. म्हणजे मी पाहिलं आहे.

हाईलहून तैमाच्या रस्त्याला लागलो. दीडेक तासाने एक पंप आला — दोन मशीन, एक टपरीवजा दुकान, बाजूला छोटी मशीद, बाकी चहूकडे वाळू. बाराचा सुमार. आम्ही तिथे डबा खाल्ला. झोयाला सायकल काढून हवी होती. इम्तियाज नाही म्हणाला, पंपावर ट्रक येतात-जातात आणि उंचावर बांधलेली सायकल उतरवायची म्हणजे अर्ध्या तासाचं काम. झालं, फुरंगटली. आमची झोया रडत नाही, ती गायब होते. मोटरहोममधल्या मागच्या बिछान्यावर पडदा ओढून झोपते आणि एकदा झोपली की दोन तास निश्चिंती. रुसलेल्या झोयाला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा.

मी चढले तेव्हा पडदा ओढलेला होता. इम्तियाजने दांडा, साखळ्या, सायकलींचे पट्टे तपासले, कारचं दार जादाच्या किल्लीने बंद केलं, किल्ली आत हुकला लावली आणि म्हणाला, यल्ला, चला. पावणेएक झाला असेल.

साधारण दहा मिनिटांनी स्क्रीनवर काहीतरी चमकलं. कारचे दोन्ही हेडलाईट लागून विझले, असं मला दिसलं. मी मनात म्हटलं, ऊन आहे. सायकलच्या घंटीवर चमकलं असेल. इम्तियाजला सांगितलंसुद्धा नाही.

नंतर पुन्हा. या वेळी स्क्रीन पांढरी झाली, चाकाच्या तारांची सावली पडली. मी त्याला म्हटलं, ‘मागची गाडी डिपर मारतेय.’

‘कुठली गाडी?’

‘आपली.’

तो हसला. ‘अगो, टर्मिनल काढलाय मी. लाईट लागणार कशी? कॅमेरा जुना आहे, उन्हाने तापला असेल.’

मला ते पटलं. अगदी पूर्ण पटलं. कॅमेरा जुना होताच. रस्ता सरळ, रिकामा, समोर मृगजळ. मी उगाच पाण्याची बाटली उघडली, न पिता बंद केली. पण नजर त्या स्क्रीनवरून हलेना. आत जाऊन झोयाला बघून यावं असंही एकदा वाटलं. पण चालत्या गाडीत उठायचं, त्यात ती जागी झाली तर पुन्हा सायकलचा विषय... नको म्हटलं. शिवाय सुट्टी होती. झोया बाबाची.

तिसऱ्यांदा लाईट लागले ते बराच वेळ लागून राहिले. दोन-तीन सेकंद तरी. मग हळूच विझले.

आता मी काय केलं ते ऐका, कारण इथेच मला शाबासकी देणारे लोक चुकतात. मला काही संकेत मिळाला नाही. आईचं काळीज वगैरे काही झालं नाही. मला इम्तियाजचा राग आला. मला वाटलं, याने टर्मिनल परत लावला आहे आणि विसरला आहे, आणि वर मलाच कॅमेऱ्याची अक्कल शिकवतो आहे. मी म्हटलं, ‘तू लावलायस तो. संध्याकाळी बॅटरी पुन्हा उतरणार आणि पुन्हा कुणाच्या तरी पाया पडायचं.’ तो म्हणाला नाही लावलेला. मी म्हटलं लावलायस. बारा वर्षांच्या संसारात अशी भांडणं पन्नास वेळा झाली आहेत आणि त्यातली निम्मी मी जिंकले आहे. मी म्हटलं, ‘थांबव. बॉनेट उघडून दाखव मला.’

तो वैतागला. तैमाला थांबू म्हणाला. तैमा अजून अडीच तास होतं. मी ऐकलं नाही. शेवटी त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पाना उचलला आणि उतरला. मी जिंकायला म्हणून त्याच्या मागे उतरले.

झोया कारच्या ड्रायव्हरच्या सीटवर होती.

बाजूच्या काचांना काळ्या जाळ्या लावलेल्या, त्यातून आधी नुसता गाल दिसला, काचेला टेकलेला. डोळे उघडे होते. तोंड लालबुंद. केस ओले होऊन कपाळाला चिकटलेले. मी दार ओढलं, बंद. इम्तियाजच्या हातातून पाना पडला. किल्ली मोटरहोममध्ये हुकला. तो धावला. मी काचेवर तळहात ठेवून म्हणत होते, झोया, बटण वर कर, बेटा, बटण वर कर. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला काही कळत नव्हतं. तो किल्ली घेऊन आला तेव्हा मी ती हिसकावून घेतली.

दार उघडल्यावर आतली हवा तोंडावर आली. मला त्या हवेबद्दल लिहायचं नाही.

तिला आत आणलं, एसीखाली ठेवलं, ओढणी भिजवून अंगावर टाकली, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. मला माझं काम येतं, हात आपोआप चालत होते. पंधरा-वीस मिनिटांनी तिने घोट घोट घेतलं आणि मग रडली. ती रडली तेव्हा मला खाली बसता आलं.

रुसून ती बिछान्यावर गेलीच नव्हती. पडदा सकाळपासून तसाच होता. ती कारच्या मागच्या सीटवर, आम्ही तिथे कोंबलेल्या गोधड्यांमध्ये जाऊन पडली आणि तिला झोप लागली. इम्तियाजने न बघता दार बंद केलं. मला वाटलं तो बघतोय, त्याला वाटलं मी चढताना बघितलं. गाडी चालू झाल्यावर ती जागी झाली आणि पुढच्या सीटवर आली. विजेवर चालणाऱ्या काचा, बॅटरी नाही, म्हणून उतरेनात. हातही हलवला म्हणाली, पण समोर नुसत्या सायकली होत्या. दार उघडलं नाहीस ते बरं केलंस, म्हटलं. तर म्हणाली, ‘आपने बोला था ना, चलती गाडी का दरवाजा नहीं खोलना.’

ती झोपल्यावर इम्तियाज खाली उतरला. बराच वेळ आला नाही म्हणून मी खिडकीतून पाहिलं. बॉनेट उघडं होतं. त्याने मला हाताने बोलावलं. टर्मिनल निघालेला होता. पिवळं फडकं जसंच्या तसं गुंडाळलेलं, त्यावर सकाळची त्याची गाठ. मी कारमध्ये हात घालून स्टिअरिंगजवळचा लाईटचा दांडा ओढला. दहा वेळा ओढला. काही नाही. हॉर्न दाबला. काही नाही. इम्तियाज लोखंडी दांड्यावर बसून राहिला. एक ट्रकवाला थांबला, काही मदत हवी का विचारलं, इम्तियाजने हातानेच नको म्हटलं, तो गेला.

आम्ही तबूकला गेलो नाही. हाईलला परत फिरलो, तिथे हॉस्पिटलात तिला सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी घरी.

तुम्ही जे विचारणार ते मी स्वतःला विचारून झालं आहे. कारच्या मागे चुंबकाने चिकटवलेले दिवे मोटरहोमच्या वायरवर चालतात, त्यातून करंट गेला असेल? ती वायर कारच्या वायरिंगला कुठेच जोडलेली नाही, इम्तियाजने संपूर्ण उघडून पाहिलं. वायरिंगमध्ये थोडी वीज साठून राहते? तीन सेकंद हेडलाईट जळतील इतकी नाही, आणि हे मी नाही, प्लांटवरचे चार इंजिनियर सांगतात. उन्हाची तिरीप? सूर्य डोक्यावर होता. मग मला भास झाला? होऊ शकतो. मला आयुष्यात एकच भास झाला आणि तो नेमका तेव्हा, तीन वेळा झाला, असं म्हणा. सासूबाई फोनवर म्हणाल्या, फरिश्ता होता. इम्तियाजने मोटरहोम विकायला काढलं आहे.

लॅबच्या भाषेत, नमुनाच नाही.

इथेच थांबणार होते. पण मागच्या शुक्रवारी नाश्त्याला झोया सहज बोलली, ते सांगते. हॉस्पिटलातून आल्यापासून त्या दिवसाबद्दल आम्ही तिला काही विचारलं नव्हतं. ती पावाला मध लावत होती आणि म्हणाली की गाडीत तिने सगळी बटणं दाबली, हॉर्न दाबला, मग अब्बा रस्त्यात ट्रकला डिपर मारतात ना, तसा तो दांडा ओढला. मी विचारलं, किती वेळा. म्हणाली, ‘थ्री टाइम्स. लाइट आया ही नहीं. आय न्यू इट वॉजन्ट वर्किंग.’ तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता म्हणे.

‘मग?’

‘फिर छोड दिया. कोई देख ही नहीं रहा था.’

मी तिला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. मी बघत होते. तिन्ही वेळा मी बघत होते, आणि पहिल्या दोन वेळा मला न थांबायला कारण सापडलं.