गाईचं गाठोडं

ओल्या गोणपाटाचा वास आला की माझ्या माहेरच्या गावाचं, वलवणचं धुकं डोळ्यांपुढे उतरतं. तेव्हा मी पुण्यात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला लागले होते आणि सुट्टीत माहेरी आले होते. नव्या वहिनीने घर लावलं होतं: चिंध्या एका पेटीत, दोरे दुसरीत, तेल-हळद फळीवर. मला ते फार आवडलं. माझ्या प्रोग्राममध्येही सगळी गणितं एकीकडे आणि उत्तरांची सगळी छपाई दुसरीकडे असे. त्या दुपारी धुकं थेट गोठ्यात शिरलं आणि गाय विताना अडली. आईने गोठ्यातली खुंटी चाचपली. "गाईचं गाठोडं कुटं गेलं?" "मी सोडलं ते," वहिनी म्हणाली, "ज्याचं त्याच्या जागी लावलं." मग आम्ही दोघी पांढऱ्या धुक्यातून घर-गोठा धावत राहिलो. एकमेकींना दिसत नव्हतो, नुसता आईचा आवाज येत होता: दोरा आणा, तेल आणा, गोणपाट आणा. वासरू कसंबसं वाचलं. संध्याकाळी वहिनीने ते सगळं गोणपाटात बांधलं आणि खुंटीला अडकवलं. पुण्यात परतल्यावर मी माझा प्रोग्राम उसवला आणि एकेका कामाचं गणित आणि छपाई मिळून एकेक गाठोडं बांधलं. आजही कुणी प्रोग्राम दाखवला की मी एवढंच विचारते, गाय अडली तर किती पेट्या उघडाव्या लागतील?