तिनं आणलेला निरोप

माझी लेक दुसरीत होती. साखर आणि काडेपेटी आणायला पाठवली की दोन्ही विसरून, कुणाच्या तरी शेळीचं पिल्लू उचलून घरी यायची. वर्गात तर घडीभर बसायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी हुशार हाय, पण चित्त थाऱ्यावर न्हाई."

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मुलगी मंद नाही. तिचं लक्ष टिकत नाही आणि अंग तिला स्वस्थ बसू देत नाही. उपचार करूच, पण घरी रोज लक्षात ठेवायचे खेळ घ्या. दोन गोष्टी सांगा, त्या डोळ्यांपुढं आणायला लावा, मग तिच्या तोंडून ऐका. जमलं की तिसरी वाढवा."

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. ऊस नसल्यानं सहकारी कारखाना बंद राहिला आणि तिथं फिटर असलेले माझे यजमान घरी बसले. खेळ त्यांनीच अंगावर घेतला. पण तिला समोर बसवलं की ती पायानं फरशी उकरायची, नाहीतर रडायची. "मला न्हाई येत!" म्हणून ओरडायची.

पुढं दूध संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी उघडली. यजमानांना तिथं काम मिळालं, आमची म्हैसही तिथंच होती. सुट्टीच्या दिवशी लेक त्यांच्याबरोबर जायची. एका संध्याकाळी ते म्हणाले, "अगं, चालताना सांगितलं की हिच्या ध्यानात राहतंय. बसवून न्हाई जमणार."

मी हसले. माझा काही विश्वास बसला नाही.

एका रविवारी भर दुपारी ती छावणीतून एकटीच आली. दारात एका पायावर उड्या मारत म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, पाण्याचा टँकर आज देवळापाशी न्हाई, सोसायटीच्या गोदामामागं येणार. लांब पाइप आण. शेजारच्या काकूला बी सांग."

मी तिला पुन्हा विचारलं. तिनं डोळे मिटून तेच, तसंच सांगितलं.

गल्लीतल्या बायकांनी घागरी घेऊन देवळापाशी रांग लावली होती. मी तिथं जाऊन सांगितलं, तर एक जण म्हणाली, "त्या पोरीचं काय ऐकतीस?" मी क्षणभर घुटमळले, मग शेजारच्या काकूंना हाक मारली आणि पाइप खांद्यावर टाकला. आम्ही गोदामामागं पोचलो आणि थोड्याच वेळात टँकर वळणावर दिसला. लेक बाकीच्या बायकांना बोलवायला धावत सुटली.

रात्री जेवताना मी यजमानांना विचारलं, "फोन का नाही केलात?"

"फोन खिशातच होता," ते म्हणाले. "पण निरोप तिनं आणायचा होता."

त्यानंतरही ती वह्या विसरली, गणितात अडली, काही दिवस तर फारच वाईट गेले. पण तिसरीत गेल्यावर तिनं स्वतःच शाळेतल्या बाईंना सांगितलं, "मला उभं राहून पाठ होतं." बाईंनी मागच्या भिंतीपाशी जागा दिली. तिथं येरझाऱ्या घालत तिनं पहिल्यांदाच अख्खी कविता म्हटली, आणि मधे एके ठिकाणी अडली तेव्हा रडली नाही. डोळे मिटून पुढची ओळ शोधली.